व्याकुळचं वाक्य

‘व्याकुळ’ हा शब्द कोकिळाने फळ्यावर लिहिला आणि ती ओट्यावर बसलेल्या बायांकडे वळली.

“व्याकुळ म्हणजे जीव कासावीस होणं. आत नुसती कालवाकालव. आता एकेकीने वाक्य सांगा.”

साक्षरतेचा वर्ग दुपारी भरायचा. कोकिळा जळगावच्या मेहरूणची, दहावी पास. लग्न होऊन शिंदखेड्याजवळच्या या गावात आली, तेव्हा वर्ग चालवायचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. तिची सासू भागाबाई वर्गाला यायची, पण पाटी आणि तांदळाचं सूप असं दोन्ही घेऊन. शिकताना हात रिकामे ठेवणं तिला पटत नसे.

शेजारची भिकुबाई सगळ्यांत आधी बोलली. “तंबाखू सरनी का मना मालक व्याकुळ व्हस.”

बाया हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “लाइट गई का गिरणी व्याकुळ व्हस.”

“गिरणीला जीव नसतो,” कोकिळा म्हणाली.

“गिरणीवालाले शे ना.”

कोकिळाही हसली. तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तशी ती खडू हातात घेऊनच ओट्याच्या कडेला गेली. गाडीतून दोन पोती उतरली आणि पोत्यांचा मालक उतरला. ती परत आली. चेहरा एवढासा झाला होता.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती. कडुनिंबांना झोके बांधून झाले होते आणि गावातल्या लेकी माहेरी यायला लागल्या होत्या. आखाजीला सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय आपण होऊन निघायचं नसतं. कोकिळाच्या लग्नानंतरची ही पहिलीच आखाजी. घरात कोपऱ्यात पिशवी भरून तयार होती आणि मुराळ्याचा पत्ता नव्हता.

“मनं वाक्य लिख,” भागाबाई तांदूळ पाखडत म्हणाली. “मनी सून मुराळीकरता व्याकुळ शे.”

ओटा हसून हसून लोटपोट झाला. कोकिळा लाजली, पण वाक्य खोटं आहे असं काही म्हणाली नाही.

“दुसऱ्याचं नको, आत्या. स्वतःचं सांगा.”

“माले काय धाड भरनी? खाऊन पिऊन सुखी शे मी.” भागाबाईने सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. “मी म्हैसनं सांगस. म्हैस पारडूकरता व्याकुळ शे. लिख.”

भागाबाई अशीच. बोलणं मिरचीचं, पण मन गुळाचं. सुनेसाठी तिने पहाटे उठून सांजोऱ्या तळल्या होत्या आणि डबा पिशवीशेजारी ठेवून वर बजावलं होतं, की माहेरी कुणी नावं ठेवली तर मला सांगू नको.

वर्ग सुटला. ऊन उतरलं तसं कोकिळाचं घरात-अंगणात सुरू झालं. चहात साखर दोनदा पडली. भागाबाईने तो चहा निमूट पिऊन टाकला.

“येई तो,” ती म्हणाली. “मान मोडी जाई तुनी, रस्ता देखीदेखी.”

“नाहीच आला तर?”

“येई.” पण भागाबाईलाही आता काळजी वाटू लागली होती. मुराळी आला नाही तर पोरीचा सण कडू होणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

शेवटच्या एसटीतून एक पांढऱ्या टोपीचा माणूस उतरला. हातात केळ्यांची फणी. विचारत विचारत तो दारात येऊन उभा राहिला. कोकिळाने डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता आत पळाली. आनंदात पोरीला बोलायचंही भान राहिलं नाही, असं भागाबाईला वाटलं. काका असावा जळगावचा.

तिने पाहुण्याला पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, गूळ-पाणी पुढे केलं. पाहुणा गुळाचा खडा हातात धरून तिच्याकडे नुसता बघत राहिला.

“पोरगी तुमनी वाट देखीदेखी अर्धी व्हई गई,” भागाबाई म्हणाली. “खुशाल लई जा. मी आडकाठी करसू नही.”

 मग भागाबाईच बोलत राहिली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

“मना भाऊ बी असाच उना व्हता माले लेवाले. पोरगंच व्हतं. मना सासरानी त्याले दारमाइनच परत धाडं. पानी बी इचारं नही. मी चुल्हापुढे व्हतू, माले उठता बी उनं नही. रडत गया तो. मंग कधीच उना नही.” तिने पदराने तोंड पुसलं. “आते सासरा बी नही, कोन्ही नही. पण आखाजी उनी का मना जीव व्याकुळ व्हस.”

दाराआड कोकिळा सगळं ऐकत होती. ती पिशवी घेऊन बाहेर आली. डोळे भरलेले आणि ओठांवर हसू. पिशवी तिने पाहुण्याला दिली नाही. ती भागाबाईच्या मांडीवर ठेवली. पिशवीत भागाबाईचंच जांभळं लुगडं होतं, नीट घडी केलेलं.

पाहुण्याने टोपी काढली.

“आक्का,” तो म्हणाला, “सूनबाईचा निरोप भेटला. आता तरी चालशील का माह्यासंगं?”