कंपनीचं कार्ड

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला नऊ वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही नवऱ्याच्या कंपनीनं दिलेल्या आरोग्य विम्याच्या कार्डावर. संसार केव्हाच विटला होता. पण नवरा सोडला तर कार्ड जाणार आणि कार्ड गेलं तर जीव. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

ती बिनमिठाची भाजी परतत होती, तेव्हा टीव्हीवर बातमी लागली. नव्या कायद्यानं प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं कार्ड मिळणार, नोकरी असो वा नसो. गॅस बंद करून ती उलथनं हातात तसंच धरून बाहेर नवऱ्यापुढे आली.

"कार्ड मिळालं की मी ताईकडे जाणार. कायमची."

नवऱ्यानं मान डोलावली. "जा. मीही सुटेन. त्या बॉयलरपाशी पार भाजून निघालोय. नऊ वर्षं राजीनामा खिशात घेऊन फिरतोय."

"मग दिला का नाहीत?"

"तुझं कार्ड गेलं असतं ना."

तेवढ्यात निवेदिका म्हणाली, "आधीपासून आजारी असलेल्यांचा विचार पुढच्या टप्प्यात होईल."

नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

"उद्या डायलिसिसला किती वाजता जायचंय तुला?" नऊ वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं.

"सातला."

"मी येतो सोबत."

"आणि काम?"

"नोकरी सुटत नाही म्हटल्यावर रजा तरी घेतो."