तोकेकचं उत्तर

हायस्कूलच्या आंतरशालेय विज्ञान प्रश्नमंजुषेच्या अंतिम फेरीत दोघांचे गुण सारखे झाले. मोबाइलच्या पडद्यावर एका चौकटीत सुराबाया शहरातला बागास, दुसरीत आमच्या गावची वेनिंग आणि तिसरीत परीक्षक सर. सरांनी शेवटचा प्रश्न वाचला.

“शार्कच्या अंगात एकही हाड नसतं. बरोबर की चूक? वेनिंग, आधी तू सांग.”

तेवढ्यात तिच्या मागून कुणाचा तरी आवाज आला. सरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

“खोलीत कोण आहे तुझ्या?”

“तोकेक आहे, सर,” म्हणत वेनिंगने मोबाइल वर फिरवला. छताच्या वाशाला एक भलीमोठी ठिपकेदार पाल चिकटली होती आणि ‘तो-के, तो-के’ करत होती.

बागास फिदीफिदी हसला. “सर, वेनिंग त्याच्या हाका मोजतेय. पहिली हो, दुसरी नाही, मग परत हो. थांबेल तिथे उत्तर. यांच्या गावाकडे लग्नंसुद्धा अशीच ठरतात.”

तोकेक थांबला.

“बरोबर,” वेनिंग म्हणाली. “शार्कला हाड नसतं, सगळी कूर्चा असते.”

“अगं, पण तो तर नाहीवर थांबला,” सरांच्या तोंडून निघून गेलं.

“माहितीये, सर. गेल्या वर्षी मला हायस्कूलला घालायचं का, हे बाबांनी त्यालाच विचारलं होतं. तेव्हाही तो नाहीवरच थांबला होता.”