लिस्पमधली शैला

लिस्प ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा समजणारं शेवटचं यंत्रही बंद होणार, म्हणून वैदेहीने आईला नव्या भाषेत उतरवून आणलं. शैलाताई गेल्यावर टिल्लूंनी त्यांचा आवाज, त्यांच्या आठवणी हट्टाने आपल्या लाडक्या लिस्पमध्येच लिहिल्या होत्या.

“बाबा, आता आई अडखळणार नाही. बोलून तर बघा.”

“शैला, अजून अर्धा कप चहा घेऊ का गं?”

लिस्प मेमरी साफ करायला मध्येच क्षणभर थांबायची. तेवढ्या शांततेत टिल्लू ओशाळून कप मागे घ्यायचे. हयात असतानाही शैलाताई नकार असाच, गप्प राहून द्यायच्या.

“घ्या की!” आवाज लगेच म्हणाला.

टिल्लूंनी रिकामा कप बशीत पालथा घातला.

“वैदेही,” ते म्हणाले, “आई गेली गं.”