उतू न जाणारं दूध

दहिसरची ती स्वस्तातली जागा आधी मी पाहिली होती. भाडं परवडेल का, याचा आम्ही घरी विचार करत बसलो, तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने, मालनने, डिपॉझिट भरून टाकलं. वर नव्या घरात दूध उतू घालायला मलाच बोलावलं.

"नशीबवान आहेस गं," मी दारातूनच म्हणाले. ओटीच्या नारळाची पिशवी भिंतीला टेकवली.

आत गॅलरी, मोठा ओटा, घरात नळ. मरोळच्या आमच्या चाळीत नळावर रोज भांडणं. मला बघवेना.

गॅसचा नंबर लागला नव्हता, म्हणून दूध स्टोव्हवर होतं. ते काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. मालनने पुन्हा पंप मारला. फुगलेली साय नुसती थरथरत राहिली.

"असं काय करतंय गं? तू बघ जरा." तिचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं.

मी ओट्यापाशी गेले. ही जागा माझी होती, एवढंच मनात आलं.

दूध भसकन उतू गेलं.

मी हसत मागे वळले. मालन दाराबाहेर उभी होती. चपला काढून तिने माझी नारळाची पिशवी भिंतीला टेकवली आणि घरभर नजर फिरवली.

"नशीबवान आहेस गं," ती म्हणाली. "येऊ का आत?"