इंगवलेकाकांची पट्टी

"मग ठरलं, बॉयलर पेटवायचा!" चीफ इंजिनियर म्हणाले, आणि कंट्रोल रूममधल्या सगळ्यांच्या मनगटांवरच्या मनमेळ पट्ट्या हिरव्या झाल्या. मनातला राग आणि विरोध शमवणाऱ्या या पट्ट्या आल्यापासून साखर कारखान्यात भांडण म्हणून उरलं नव्हतं. पॅनलवर बसलेल्या हेमलतालाही सगळ्यांबद्दल माया दाटून आली. सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी राहिली होती, पण ते बोलून कशाला कुणाला दुखवायचं?

तेवढ्यात तिची नजर बॉयलरवरच्या जुन्या इंगवलेकाकांकडे गेली. दर हंगामाला याच चाचणीवरून सगळ्यांना फाडून खाणारे काका आज गोड हसत मान डोलवत होते. ते हसू काकांचं नव्हतं, पट्टीचं होतं. तिनं पुढे होऊन काकांची पट्टी मनगटावरून ओढून काढली.

काकांनी डोळे चोळले, समोरचा स्क्रीन पाहिला आणि टेबलावर मूठ आपटली. "व्हॉल्व्ह न तपासता पेटवताय? तो अडकला तर बॉयलर फुटेल! खाली पूजेला अख्खं गाव उभं आहे! अकला गहाण टाकल्यात काय रे?"

बाकीच्या पट्ट्या लाल झाल्या. "हेमलता, घाल ती पट्टी त्यांना," चीफ कळवळून म्हणाले. "किती छान जमलं होतं आपलं!"

"नाही घालत, जा!" तिनं स्वतःचीही पट्टी काढून फेकली आणि पॅनलमधली बॉयलर पेटवायची किल्ली काढून मुठीत घट्ट धरली. "ओरडा काका. अजून मोठ्यानं ओरडा."