देवमाशाच्या पोटातलं

दादांनी शेवटचा स्क्रू आवळला आणि वहिनी देवमाशाच्या पोटात बंद झाल्या.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. संग्रहालयाच्या छताला टांगलेला हा पंचवीस मीटरचा देवमासा लाकडी सांगाड्याचा, वरून जाळी आणि प्लास्टर. आत सगळा पोकळ. वर्षातून दोनदा कुणीतरी आत शिरून बोल्ट तपासायचे आणि तोवर झाकण बाहेरून बंद ठेवायचं, असा नियम होता. प्रेक्षकांना देवमाशाच्या पोटाला भोक दिसता कामा नये म्हणे. नियम करणारे अर्थातच कधी आत गेले नव्हते.

आत मावायच्या त्या फक्त वहिनी. सांगाड्याची खडान्‌खडा माहिती त्यांनाच. पण दादा वर्कशॉपचे प्रमुख आणि या त्यांची बायको, म्हणून शिपायापासून संचालकबाईंपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. हजेरीपटावर त्यांचं काय नाव आहे, ते विचारलं असतं तर निम्म्या लोकांनी डोकं खाजवलं असतं.

दोघांच्या खुणा ठरलेल्या होत्या. आतून तीन ठोके म्हणजे झाकण उघडा. बाहेरून एक ठोका म्हणजे थांब.

एक गोष्ट मात्र दादांना ठाऊक नव्हती. खाली कुणी नुसतं खाकरलं तरी देवमाशाच्या पोटात ते स्वच्छ ऐकू यायचं. वहिनींनी हे कधी सांगितलं नाही. लोकांच्या गप्पा ऐकत काम करायला मजा यायची, एवढंच.

आज त्यांनी पाना बोल्टला लावला आणि खालून संचालकबाईंचा आवाज आला.

"दादा, वहिनींचं काय ठरलं? त्या नव्या संग्रहालयाला बारापर्यंत उत्तर हवंय. नाहीतर ते दुसऱ्या कुणाला घेतील."

वहिनी ऐकू लागल्या. समुद्रकाठच्या शहरात नवा देवमासा उभारायचा होता. दोन वर्षांचं काम, आणि सगळं वहिनींच्या हाताखाली. सकाळी चहा पिताना त्यांनी दादांना सांगितलंही होतं, "मी जाईन म्हणते." दादा म्हणाले होते, "बघू."

"ती कसली जातेय!" दादा आता हसत होते. "नाही म्हणून कळवून टाका."

"त्यांनी स्वतः सांगितलंय ना?"

"बावीस वर्षांचा संसार आहे बाई. तिच्या पोटातलं मला कळतं."

वहिनींनी पान्यानेच तीन ठोके मारले.

"हे काय वाजतंय?"

"काही नाही, तिची ठोकाठोक चाललीय. तुम्ही करा फोन."

संचालकबाईंच्या चपला दूर गेल्या. वहिनींनी पुन्हा तीन ठोके मारले, एकेक सुटा, लहान पोरालाही मोजता येईल असा. खाली परांचीची फळी करकरली. दादा झाकणाशी आले होते.

पायाखाली ठोका पडला. एकच.

म्हणजे त्यांना तीन ठोके नीट कळले होते. वहिनींना रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला. बावीस वर्षांत या पोटात त्यांचा जीव कधी गुदमरला नव्हता, तो आज गुदमरला. त्या कोपरांवर सरपटत डोक्याकडे निघाल्या. जबड्यात कंगव्यासारख्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामागे चार बोटांची फट. त्या फटीला त्यांनी तोंड लावलं. हाक मारायची होती संचालकबाईंना, पण तोंडातून भलतंच निघालं.

"मी जाणार आहे!"

खाली शाळेची सहल आली होती. एकच कल्ला उडाला.

"टीचर, देवमासा बोलला!"

"देवमासा बाई आहे!" एक मुलगी ओरडली. "कुठे जाणार तू?"

"समुद्राकडे! मला बाहेर काढा!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. टीचरही हरखल्या. दादा परांचीवरून उतरत होते, हातात स्क्रूड्रायव्हर होता. टीचरनी त्यांनाच गाठलं.

"किती छान केलंय हो हे! आत कुणी आहे का?"

दादांनी मान वर करून देवमाशाच्या तोंडाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"छे हो, रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले. "म्हणतो रोज जाणार, जाणार. जातो कुठे!"