लॉरेल फोर्कची मतं

२००४ सालच्या मे महिन्यातला तो बुधवार. व्हर्जिल सायझमोर दुपारपासूनच फोन मांडीवर घेऊन बसला होता.

“बाबा, मतदान आठनंतर आहे,” नादीन म्हणाली. “आत्तापासून उबवत बसलात तर अंडं घालणार आहे का तो?”

“तू तुझ्या बीन्स बघ.”

प्रत्येक वाक्यानंतर तो थांबून श्वास घेई. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढल्यावर आता नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती. पण एकेकाळी लॉरेल फोर्क खोऱ्यातल्या चर्चमध्ये ओळ सांगायचा मान त्याचा होता. तिथं वाद्य नसे. व्हर्जिल एक ओळ म्हणे, मग सगळे ती लांबवत गात. त्याच्या गुडघ्याशी उभी राहून रेलीन, त्याची नात, तिथंच गायला शिकली.

आता ती एकोणीस वर्षांची होती आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या दोघांत पोचली होती. परीक्षकांनी तिला बोलण्यातला डोंगरी हेल सोडायला सांगितलं होतं. ती शांतपणे म्हणाली होती, “तो सोडला तर गाणार कशात?”

समोर डॅलसचा एक देखणा मुलगा होता.

“डॅलसच्या एका रस्त्यावर असतील तेवढे फोन आपल्या अख्ख्या खोऱ्यात नाहीत,” शेजारची ओपल दर आठवड्याला म्हणे. डोंगरांमुळे मोबाइलही चालत नसत. घरातला फोन, तोच काय तो आधार.

व्हर्जिलनं नातीला शब्द दिला होता. “पोरी, तुला द्यायला आता माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही. पण बोट चालतंय अजून. ते थांबायचं नाही.”

पाच वाजता वादळ येऊन गेलं. सहाच्या सुमाराला नादीनचा नवरा डेलमर चिंब भिजून आला. स्वयंपाकघरात उभ्यानं कॉर्नब्रेडचा तुकडा खाल्ला, बायकोशी दोन शब्द बोलला आणि गाडी घेऊन पुन्हा डोंगरावर गेला. डेलमर आणि नादीन दोघंही खोऱ्याच्या टेलिफोन कंपनीत होते; तो तारांवर, ती कचेरीत.

“जावईबापूंना आजच काम निघालं का?” व्हर्जिलनं विचारलं.

“झाडं पडलीत,” नादीन म्हणाली आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.

रेलीन शेवटी गायली. वादकांना तिनं हातानंच थांबवलं. चर्चमध्ये आजोबा घेई तसा एक लांब श्वास घेतला आणि एकटीच्या आवाजात सुरुवात केली. ओळीच्या शेवटी सूर जरासा मोडला, मग वर चढला. त्या झगमगाटात तेवढा एकच आवाज होता आणि तेवढा पुरेसा होता. व्हर्जिलचे ओठ हलत होते. गाणं संपलं.

मग पडद्यावर मत द्यायचा नंबर आला. तेवढ्यात फोन वाजला. नादीननं रिसीव्हर उचलला. ओपल होती.

“नादीन, अगं दर वेळी ती बाई ‘मत दिल्याबद्दल आभार’ म्हणते. आज नुसतं टुंटुंटुंटुं चाललंय. माझं मत गेलं का नाही?”

नादीननं बापाकडे पाहिलं. तो बटणांवर बोट ठेवून वाट बघत होता.

“गेलं, ओपलमावशी,” ती म्हणाली. “आज शेवटचा दिवस, लाखो लोक फोन करतायत. आभार मानायला वेळ कुठाय मशीनला? भराभर टुंटुं वाजलं की मत नोंदलं समजायचं. ठेवायचा आणि पुन्हा लावायचा. सगळ्यांना सांगा.”

टेलिफोनच्या गोष्टीत नादीनचा शब्द म्हणजे शेवटचा. घरोघरी बटणं दाबली जाऊ लागली. व्हर्जिल प्रत्येक टुंटुंला मान हलवत होता.

“हे घे, पोरी,” तो पुटपुटे. “आणि हे घे.”

सकाळी रेलीनचा फोन आला. “आजोबा, रात्री किती वेळा लावला. लागतच नव्हता.”

“लागेल कसा? अख्खं खोरं तुझ्यासाठी फोनला चिकटलं होतं.”

त्या संध्याकाळी निकाल लागला. मोठ्या फरकानं जिंकलेली रेलीन हुंदका आवरत म्हणाली, “काल माझ्या माणसांनी इतकी मतं दिली, की मला घरी फोनही लागेना. हे त्यांचं आहे.”

व्हर्जिल ऑगस्टमध्ये झोपेतच गेला. जाईपर्यंत येईल त्याला ते दुखरं बोट दाखवत होता. रेलीनचं नाव देशभर झालं. तरी कबरींवर फुलं वाहायच्या रविवारी ती दर मे महिन्यात येते, आजोबाच्या कबरीशी वाद्याविना गाते आणि ओपलच्या ओसरीवर केळ्याचं पुडिंग खाते. “तुम्ही निवडलंत मला,” म्हणते. ओपल नव्वदीला टेकली आहे, आणि आपण किती मतं दिली तो आकडा दरवर्षी वाढवते आहे. डेलमर मुळातच कमी बोलणारा. तो काही न बोलताच गेला.

नादीन २०११ मध्ये निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी कचेरीतल्या नव्या मुलीला ती फोनचा एकेक आवाज ऐकवत होती.

“हळू वाजतो तो कळला, समोरचा माणूस बोलतोय,” मुलगी म्हणाली. “पण हे भराभर टुंटुंटुंटुं?”

“हे?” नादीननं टेबलावरची पर्स उचलली. “हे वाजलं की समजायचं, डोंगरावरची तार तुटली आहे, फोन खोऱ्याबाहेर गेलेलाच नाही.”